पोरीच्या पाया पडणारा बाप

सेलूच्या शाळेत पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गानं माझं तोंड निरखून पाहिलं आणि सगळ्यांची निराशा झाली. नेपाळची पोरगी येणार म्हणल्यावर त्यांनी बारीक डोळे आणि चपटं नाक गृहीतच धरलं होतं. माझं नाक तर चांगलं लांब. आमी नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले, तिकडं माणसं अशीच दिसतात. मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "मॅडम, ही डुप्लिकेट हाय!" वर्ग खदाखदा हसला. मला त्यातला एकच शब्द कळला, आणि सगळे हसतात म्हणून मीही हसले. कशाला हसले कुणास ठाऊक. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

माझा बा स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर चायनीजची गाडी लावायचा. चीन त्यानं कधी बघितला नव्हता, पण गिऱ्हाईकं त्याला 'ए चायनीज' अशीच हाक मारायची आणि तो 'जी साब' म्हणायचा. मी गावी असताना मला वाटायचं, बाचं तिकडं मोठं हॉटेल असेल. इथं आल्यावर कळलं की ती चार चाकं, एक शेगडी आणि वर लाल ताडपत्री आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला त्यानं इथं आणलं त्याला कारण होतं. गावातली शाळा आठवीला संपायची. पुढची शाळा नदीपल्याड, आणि पावसाळ्यात ती नदी कुणाला जाऊ देत नाही. तेवढ्यात आज्यानं माझ्यासाठी स्थळ बघायला सुरुवात केली. बा उन्हाळ्यात गावी आला तेव्हा त्याच्या कानावर ते गेलं. जन्मात पहिल्यांदा तो स्वतःच्या बापापुढं आवाज चढवून बोलला आणि मला घेऊन निघाला. आई म्हशीपाशी, धाकट्या भावापाशी राहिली. बसमध्ये बा मला म्हणाला, "तिथं आपण परके लोक. शाळेतून तुझी एक जरी तक्रार आली तर मला तुला परत गावी आणावं लागेल. आणि परत आलीस की काय होईल ते तुला ठाऊक आहे." ठाऊक होतं. म्हणून मी वर्गात तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं.

माझ्या बाकावर जी पोरगी बसायची, ती मात्र दोघींचं मिळून बोलायची. मला मराठी येत नव्हती याचं तिला काहीच वाटत नव्हतं. "तू निसती मान हलव, बाकीचं मी बगते," म्हणायची. डबा उघडला की आधी माझ्या पुढ्यात सरकवायची. तिच्या आत्येबहिणीचं नववीतच लगीन लावून दिलं होतं आणि तिची शाळा सुटली होती. ही गोष्ट ती मला सारखी सांगायची. सांगताना तिचे डोळे भरायचे. मी मान हलवायची.

एकदा परीक्षेच्या सकाळी मी तिला बोलवायला तिच्या घरी गेले. निघताना ती वाकून तिच्या वडलांच्या पाया पडली. माझ्या अंगावर काटा आला. वडील खुशाल उभे, वर आशीर्वादही देताहेत! आमच्याकडं पोरीनं बापापुढं वाकलं तर बापाला पाप लागतं. पोरगी म्हणजे देवी. दसऱ्याला, म्हणजे आमच्या दशैंला, बाप पोरीच्या कपाळाला टीका लावतो आणि मग तोच तिच्या पायावर डोकं ठेवतो. काका ठेवतो, मामा ठेवतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, मी जन्मापासून तेच बघत आले होते. मी त्या दिवशी शाळेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाही. तिला वाटलं, मला पेपरचं टेन्शन आलंय.

घटस्थापनेला बानं खोलीच्या कोपऱ्यात माती पसरून जव पेरला. घरमालकिणीनंही खाली घट बसवला होता. तिचं धान आणि आमचा जमरा, म्हणजे जवाचे पिवळे कोंब, एकाच दिवशी उगवले तर बाला काय आनंद झाला! "बघ, इथले लोक आपलेच आहेत," म्हणाला.

दसऱ्याच्या दिवशी परभणीहून बाचा चुलतभाऊ आला. नात्यानं माझा काका, पण वयानं विशीतला, तिथल्या हॉटेलात भाज्या चिरायचा. नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून आला होता. मी आईनं पाठवलेला लाल कुर्ता घातला. बानं दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून टीका तयार केला. आमचा टीका म्हणजे कुंकवाचं बोट नव्हे, अख्खं कपाळ झाकून टाकतो. काकाला लावला, मला लावला, दोघांच्या कानामागं पिवळा जमरा खोवला. आम्ही दोघं चटईवर शेजारी बसलो होतो. आज्याशी तोवर समेट झाला होता, तो फोनवरून मोठमोठ्यानं मंत्र म्हणत होता. आणि बानं वाकून माझ्या पायांवर कपाळ टेकवलं.

नेमकं त्याच वेळी दार ढकलून माझी बाकावरची मैत्रीण आणि वर्गातल्या दोघी आल्या. हातात आपट्याची पानं. सोनं द्यायला आल्या होत्या. मी त्यांना बघून इतकी खुश झाले की उठताही येईना. माझ्या घरी पहिल्यांदाच कुणी आलं होतं. पण त्या दारातच थबकल्या. एकीनं तोंडावर हात ठेवला. मैत्रिणीनं एकदा माझ्या कपाळाकडं बघितलं, एकदा काकाकडं, एकदा माझ्या पायावरच्या बाच्या डोक्याकडं. मग तिघी पानं उंबऱ्यावर टाकून पळाल्या. मला काय समजायचं ते समजेना. बा म्हणाला, "लाजल्या असतील."

लाजल्या कसल्या! इथं बाप पोरीचे आणि जावयाचे पाय धुतो, त्यांच्या पाया पडतो ते एकदाच, लग्नात. मैत्रिणीनं आत्येबहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगताना हे सांगितलं होतं, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तिघींनी बघितलं ते असं: लाल कपड्यातली पोरगी, शेजारी नवा शर्ट घातलेला तरणा पोरगा, दोघांची कपाळं भरलेली, मंत्र चाललेले, पोरीची आई कुठं दिसत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तर सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मग कुजबूज. मग मागच्या बाकावरून तोच पोरगा, "वहिनी आल्या, वहिनी!"

मैत्रीण माझ्याकडं बघेना. तिचे डोळे सुजलेले. मधल्या सुट्टीत वर्गाच्या मॅडमनी मला हाताला धरून हेडमास्तर सरांच्या खोलीत नेलं. तिथं बा उभा होता. शिपाई त्याला गाडीवरूनच बोलावून घेऊन आला होता, हाताला लसणाचा वास तसाच. त्याला खुर्ची दिली होती पण तो बसला नव्हता.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "कब शादी किया लडकी का? लडका किधर है?"

बाला प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्याचं तोंड असं पडलं की मला आजही नको वाटतं आठवायला. ज्या माणसानं माझं लगीन टाळायला स्वतःच्या बापाशी भांडण घेतलं, त्याला हे विचारत होते! तो नुसता "नहीं साब, नहीं साब" करत राहिला. सर म्हणाले, "देखो, बालविवाह गुन्हा है. पुलिस को बताना पडता है." पोलीस म्हणल्याबरोबर बानं हात जोडले. परक्या मुलुखात त्याला त्या एका शब्दाचीच भीती होती. आणि त्याचे हात जोडलेले बघून माझी मात्र सटकली.

"सर, तुमी जावयाच्या पाया पडता का न्हाई?" मी म्हणाले. म्हणाले काय, ओरडलेच. शाळेत मी बोललेलं ते पहिलं सलग मराठी वाक्य. "लग्नात पोरीच्या पाया पडता का न्हाई? आमच्यात दरसाल पडतेत! त्याला नवरा लागत न्हाई! तो पोरगा माझा काका हाय, काका!"

शिपाई फिस्सकन हसला. सरांनी त्याच्याकडं बघितलं तसा तो बाहेर गेला. मॅडम माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांना बहुधा माझ्या बोलण्यापेक्षा मी बोलले याचंच नवल वाटलं असावं. सरांनी बाला काकाचा फोन लावायला सांगितला, काकाशी बोलले, आणि खरं ते त्यांना पटलं.

जाताना ते बाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ठीक है. लेकिन अपने रीतिरिवाज घर के अंदर रखो. दरवाजा लगा के. यहाँ लोग कुछ भी बोलते हैं."

"अब नहीं करेंगे साब," बा म्हणाला.

मी म्हणलं सुटलो. शाळा राहिली, परत जायचं टळलं, मला आणखी काय पाहिजे होतं? वर्गात गेले तर मैत्रीण गळ्यात पडून रडली. तिनंच मॅडमना सांगितलं होतं. "अगं, मला वाटलं तुझीबी शाळा गेली आता. मी तुला वाचवायला गेले गं," म्हणाली. तिच्यावर काय रागवायचं? मला तर बरंच वाटलं की या गावात माझ्यासाठी कुणीतरी रडलं.

पण खरी गोष्ट शाळाभर झाली ती झालीच. 'वहिनी' गेलं आणि 'देवीमाय' आलं. पोरं वऱ्हांड्यात आडवी यायची, माझ्या पायाशी लोळण घ्यायची. "माते, पाव गं माय! गणितात पास कर!" मी पाय ओढून घ्यायचे, पळायचे, संडासात जाऊन रडायचे. कितीक दिवस असं चाललं. एक दिवस मला कंटाळाच आला रडायचा. तोच मागच्या बाकावरचा पोरगा पायाशी बसला, तर मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणलं, "जा बाळा, नापास हो."

वर्ग असा हसला की काय सांगू! तो पोरगासुद्धा हसला. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आता कुणी पायाशी आलं की माझ्याकडं शाप तयार असायचा, आणि पोरं मुद्दाम शाप घ्यायला यायची. मराठी तर अशी फुटली की बगायला नको. मैत्रीण म्हणायची, "कामून गप बसली व्हतीस गं इतके दिवस?" मी सुखात होते. आपली रीत आपण चेष्टेवारी घालवतोय असं मनात यायचं, पण मी ते बाजूला सारायचे. एकटं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

वर्गातली पोरं कधीकधी संध्याकाळी बाच्या गाडीवर यायची. एकदा मी तिथं प्लेटा पुसत होते. पोरांनी मला बघितलं आणि सगळी रांगेनं रस्त्यावरच पाया पडायला वाकली. "देवीमाय, मंचुरियनमधी जरा आशीर्वाद जास्त टाक!" मी ठरल्याप्रमाणं शाप दिला. सगळे हसले, बाकीची गिऱ्हाईकंही हसली. बानं कढईवरून मान वर केली नाही. तो पण जरासा हसला असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी, मी दहावीत असताना, दशैं आला. बानं जव पेरला, पण या वेळी पलंगाखाली. दसऱ्याला काकाला बोलावलं नाही. दार लावलं, कडी घातली. टीका कालवला तो एवढासाच, आणि माझ्या कपाळाला एका बोटानं लावला, इथल्या कुंकवासारखा. मी सवयीनं पाय जवळ घेऊन, पाठ ताठ करून बसले. बा वाकला नाही. तो माझ्यापुढं सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "ऊठ. पाया पड माझ्या."

"बा, असं काय करतोस? तुला पाप लागेल."

"इथं लागत नाही. मी गिऱ्हाइकांना विचारलंय. इथं पोरी बापाच्या पाया पडतात. तुला इथंच राहायचंय, इथंच शिकायचंय. माझ्यापायी तुझं हसं नको व्हायला."

मी म्हणाले, मला कुणी हसत नाही बा, ती गंमत असते. तो म्हणाला, "मी बघितलंय." एवढंच. मग मी उठले आणि वाकले. त्याच्या पावलांवर तेलाचे चट्टे होते, टाचा फुटल्या होत्या. मी हात लावला तसे त्याचे पाय मागं सरले. मग त्यानं जोर करून ते पुन्हा पुढं ठेवले. माझ्या डोक्यावर त्याचा हात आला, पण पोरीला वरून कोणता आशीर्वाद द्यायचा ते त्याला माहीत नव्हतं. तो नुसताच हात ठेवून उभा राहिला.

"असंच करतात ना?" त्यानं विचारलं.

"हो बा, असंच."

त्यानं कडी काढली आणि तो गाडी लावायला गेला. मी तिथंच चटईवर बसून रडले. सेलूतल्या चारचौघींसारखं व्हायचं म्हणून मी वर्षभर धडपडले होते आणि आता मी अगदी तशी झाले होते. पण सगळ्या जगाला हात जोडणारा माझा बा फक्त माझ्यापुढं प्रेमानं वाकायचा, आणि तो त्यानंतर कधीच वाकला नाही.