माफीचं पत्र मी लिहिलं

शारजाहून तासभर बाहेर, वाळूत, घोड्यांचं एक फार्म-रिसॉर्ट आहे. तिथल्या बॅक ऑफिसात मी चार वर्षं बुकिंग सांभाळलं. तबेला बघणारे काका सांगलीकडचे, पन्नाशीचे. निम्मं आयुष्य आखातातल्या घोड्यांमागे गेलेलं.

हिवाळ्यातला शनिवार होता, सगळ्या खोल्या फुल्ल. सकाळीच काका खिडकीशी आले. "ताई, पांढऱ्या घोडीची पाठ सोललीय. आज तिला कुणाला देऊ नका." मी सिस्टीममध्ये तिच्यापुढे 'रेस्ट' टाकलं आणि मॅनेजरच्याही कानावर घातलं. फोनमधून मान वर न करता तो "ओके, ओके" म्हणाला.

दुपारी तबेल्याकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावले. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारे एक पुणेकर कुटुंबासह आले होते. बुकिंगच्या वेळी फोनवर "वा, मराठी माणूस भेटलं!" म्हणून खूश झालेले हेच गृहस्थ. त्यांना पांढऱ्याच घोडीवर बसून फोटो हवा होता. काका हात जोडून म्हणत होते, "साहेब, तिची पाठ सोललीय. नुसता हात लावला तरी थरथरते. त्या तांबड्यावर बसा, झकास फोटो काढून देतो."

"डोन्ट आर्ग्यू विथ मी," साहेब म्हणाले. "कॉल युअर मॅनेजर!"

मराठी माणसाच्या मराठी विनवणीला हे उत्तर! माझं डोकंच फिरलं.

मॅनेजर आला. घोडीच्या पाठीवरची चादर उचलून बघायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. दुसऱ्या माणसाकडून जीन चढवून घेतलं. साहेब बसले आणि घोडी कळवळून बाजूला सरकली. साहेब घसरले, पण जिनाला लटकून कसेबसे वाचले. त्यांची बायको हसली, शेजारचे पाहुणेही हसले. खरं दुखणं ते होतं. संध्याकाळी तक्रार आली की, घोडा अडाणी आणि नोकर उर्मट.

मॅनेजर मला म्हणाला, "माफी का लेटर बनाओ. लिखो, स्टाफ पे ॲक्शन लिया है."

"पर गलती उनकी नहीं थी, सर."

"गलती किसकी है, ये गेस्ट को नहीं समझाते. लिखो."

मी लिहिलं. व्हिसा, मुलीची शाळा, सगळ्यांकडे असतात ती कारणं माझ्याकडेही होती. त्या पत्राखातर काकांना तबेल्यातून काढून पार्किंगमध्ये झाडू मारायला लावलं. घोड्यांच्या खुरांवरून आजार ओळखणारा माणूस!

आठवड्याभरात घोडीच्या पाठीत पू झाला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "अशा पाठीवर जीन कुणी चढवलं?" मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तबेल्यातल्या ग्रूमचा निष्काळजीपणा. त्याला हटवलंय."

मी तिथेच फाइल धरून उभी होते. यावेळी मला गप्प बसवेना. "खोटं आहे," मी म्हणाले. "त्यांनी सकाळीच सांगितलं होतं." डॉक्टरांना ऑफिसात नेलं आणि स्क्रीनवरची नोंद, तिची वेळ दाखवली. त्यांनी ते रिपोर्टमध्ये लिहिलं.

काका तबेल्यात परतले. रिपोर्टमुळे नव्हे, घोडी दुसऱ्या कुणाला जखम धुऊ देईना म्हणून. माफी मात्र कुणी मागितली नाही. ती मागायला मी गेले. ते पत्र मी लिहिलं होतं, हे सांगितलं.

"तुम्ही लिहिलंत होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, मॅनेजर साहेबानं लिहिलं असेल." आणि बादली उचलून आत गेले. त्यानंतर ते मला मॅडम म्हणायला लागले.

घोडी बरी झाली. उन्हाळ्यात मी नोकरी सोडली. एचआरच्या फॉर्मवर कारणासाठी दोन ओळींची जागा होती. मी कागद पाठपोट भरून सगळं लिहिलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.