न मोजलेलं पान

चूक माझीच होती. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की तिकडे उत्तरेत, झोटवाड्यातलं ते ऑफिस आठवतं. संगणक आणि डिस्क यांच्यात देवाणघेवाण करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही दोघं लिहीत होतो. चालू डिस्क कुणी उपटली, तरी तिच्याकडे गेलेलं प्रत्येक काम मोजून परत आल्याशिवाय संगणकात तिच्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करायची नाही, हा नियम माझ्या सहकारी ताईंचा. "पंगतीतला शेवटचा माणूस उठायच्या आत पानं उचलतात का, दादा?" त्या हसायच्या. वेग वाढावा म्हणून मी ताईंना न सांगता काही कामांना वेगळी वाट करून दिली आणि तिथली मोजणी गाळली. चालू डिस्क कोण उपटणार, असं वाटलं. पण ग्राहकांनी उपटल्या. मागे राहिलेली कामं मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहू लागली आणि मशीनं कोसळली. "मॅडमजी, ड्रायवर आपका है. आज ठीक नहीं हुआ तो कल से मत आइए," साहेब ताईंना म्हणाले; कागदोपत्री ड्रायव्हर त्यांच्याच नावावर होता. ताई दिवसभर स्वतःच्याच ओळी वाचत राहिल्या. डबा उघडलाच नाही. "मतलब, मीच कुठेतरी चुकले असणार," त्या पुटपुटल्या. मला कारण सकाळीच कळलं होतं, तरी मी दुसऱ्याच फाइली उघडत राहिलो. संध्याकाळी त्या खण रिकामा करू लागल्या, तेव्हा मात्र राहवेना. साहेबांना हाक मारून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, तुमच्या पंगतीत न मोजता माणसं मी बसवली. सकाळपासून माहीत होतं. मला माफ करा."