अमावस्येची सांधणी

दिवाळी आली की कोणीतरी सांगतंच, पावसाळा सरला, रात्री मोठ्या व्हायला लागल्या, म्हणून आपल्या पूर्वजांनी दिव्यांचा सण नेमका इथे ठेवला. मला हे ऐकून अजूनही संताप येतो. अंधार वाढला म्हणून सण आला, हे ज्याच्या घरी चार दिवे जास्तीचे असतात त्यालाच सुचतं. आमच्या भंडाऱ्याकडे सण तेव्हा येतात, कारण लवकर पिकणारा हलका धान तेव्हा कापणीला येतो, चिखल वाळून रस्ते मोकळे होतात आणि लोकांना नवं लुगडं घ्यावंसं वाटतं. त्याच दिवसांत सूर्य लवकर बुडतो. काम रोज वाढतं, उजेड रोज कमी होतो, आणि त्या अंधारात कोण बसतं ते पूर्वजांनी कोणाला विचारलं नव्हतं.

आमचं घर आंधळगावचं, विणकराचं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गल्लीत विजेचा खांब आला होता, आमच्या घरात तार आली नव्हती. बाबा मागावर बसायचे, आई सुताच्या कांड्या भरायची आणि सांधणी ताईकडे असायची. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला राख लावलेल्या बोटांनी पिळून जोडायचा, हीच सांधणी. केसासारखे धागे, आणि एक चुकला की सगळी रांग चुकते. ताईची बोटं फार हुशार होती, म्हणून तिच्या डोळ्यांचं वाटोळं झालं.

ती दहावीत होती. तिला मॅट्रिक होऊन नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं. पण पावसाळ्यापासून तिला फळ्यावरची अक्षरं फुटल्यासारखी दिसायला लागली. पहिल्या बाकावर बसूनही ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, दिव्याजवळ बारीक काम बंद करा, नाहीतर शाळा विसरा. बाबांनी त्यांच्यासमोर मान डोलावली. यापुढे सांधणी फक्त दिवसा, असं आमच्या घरात ठरलं.

आमच्या घरी आणखी एक ठरलेलं होतं, ते मात्र डॉक्टरांच्याही वरचं. लक्ष्मीपूजनाला माग रिकामा ठेवायचा नाही. त्यावर जोडलेला ताणा हवाच, नाहीतर वर्षभर माग रिकामा राहतो, असं बाबा मानत. आणि त्या वर्षी व्यापाऱ्याकडून ताणा आला तो थेट अमावस्येला, दिवस कलल्यावर, भंडाऱ्याच्या एसटीतून.

"बस व पोरी," बाबा ताईला म्हणाले, "पूजेच्या आत जोडून टाक."

आई म्हणाली, "डॉक्टरनं नाही म्हटलं ना जी? उद्या दिवसा करन ते."

"उद्यापर्यंत लक्ष्मी थांबून राह्यते काय? रिकाम्या मागाची पूजा करू?"

आई पणत्या उचलून बाहेर गेली. तिच्या त्या निघून जाण्याचाही मला राग आहे. ताई बोटांना राख लावून बसली. आतल्या खोलीत एक कंदील, त्याची काच एका बाजूने काळवंडलेली. आणि बाहेर आई पणत्या मांडत होती. उंबऱ्यावर, तुळशीपाशी, कुंपणाच्या भिंतीवर, जिथे मांजरही फिरकत नव्हतं तिथेसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी सूप घेतलं, भिंतीवरच्या आणि उंबऱ्यावरच्या पणत्या उचलून त्यात ठेवल्या आणि आत नेऊन ताईच्या चहूबाजूंनी लावल्या. ताईने मान वर केली आणि हसली. म्हणाली, "आता दिसते व." तिची बोटं भराभर चालायला लागली.

तेवढ्यात बाबा आले. सुताला आग लागेल म्हणाले असते तर मी ऐकलंही असतं. ते म्हणाले, "दारात अंधार केला? आजच्या दिवशी? लोकं काय म्हणतील? लक्ष्मी कोठून येईल?"

मी म्हटलं, "ताईले दिसत नाही बाबा. तुमच्या लक्ष्मीले तरी दिसते ना?"

थोबाडीत बसली. चांगली सणसणीत. मग बाबांनी स्वतः त्या पणत्या सुपात भरल्या, बाहेर नेल्या आणि जागच्या जागी लावल्या. फार हळुवारपणे लावल्या, एकही विझू दिली नाही. आत ताई कंदिलाकडे सरकली आणि नाक धाग्याला लागेल इतकी वाकली.

पूजेच्या आत ताणा जोडून झाला. एकही धागा चुकला नव्हता. बाबांनी मागाला हळदकुंकू वाहिलं, प्रसाद वाटला आणि मोठ्या मायेने ताईला हाताला धरून अंगणात आणलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आईने विचारलं, "कसे दिसून राह्यले व दिवे?"

ताईने डोळे बारीक करून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "दिवे कोठी हायत? मले तं एकच मोठ्ठा दिवा दिसून राह्यला."

बाबांचा चेहरा फुलला. "शुभ हाय," ते म्हणाले आणि शेजाऱ्यांनाही हाक मारून त्यांनी ते सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा ताई गेली नाही.