चौथा रकाना

“आणि मग पोरगं काय म्हणतं?”

हे विचारताना गुरुजी कागद फिरवून आपल्यासमोर धरायचे आणि ज्या ओळीबद्दल शंका असेल तिच्यावर बोट ठेवायचे. पेन कधी लावायचे नाहीत. दुसऱ्याच्या लिखाणावर रेघ मारणं त्यांना बरं वाटत नसे. पण उत्तर मिळेपर्यंत ते बोटही उचलत नसत. असं बोट तुमच्या ओळीवर कुणी ठेवलं असेल, तर तुम्हाला मी काय म्हणतोय ते कळेल.

दिल्लीतल्या आमच्या ऑफिसात शाळांचे अभ्यासक्रम तयार होत. मी अभ्यासक्रमाच्या सिद्धान्तावर पीएच.डी. करून तिथे लागलो होतो. गुरुजी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून तीन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर आलेले, डी.एड. झालेले शिक्षक. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शिपायापासून डायरेक्टर मॅडमपर्यंत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते मला ‘डॉक्टर’ म्हणत. त्यात टोमणा नसे. असता तर मला सोपं गेलं असतं.

ते हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे एका खोलीत राहत. “बसवर पाटी वाचली, हिंदूराव. म्हटलं, आपल्याकडचाच माणूस दिसतोय, इथंच राहावं.” मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तर ‘डॉक्टर आलेत’ एवढं ऐकून घरमालकीण गुडघा दाखवायला आली. गुरुजी म्हणाले, “माताजी, ये किताबों के डॉक्टर हैं. लेकिन दिखा दो, आदमी अच्छे हैं.” मी गुडघा पाहिला. शेक द्या म्हणालो.

दुपारी डबा खाताना ते मला माझ्या विषयाबद्दल विचारत. मी परदेशातल्या विचारवंतांबद्दल सांगत असे. एकाचं म्हणणं, आधी उद्दिष्टं पक्की करा, मग धडे. दुसऱ्याचं, मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करा. तिसऱ्याचं, तोच विषय दरवर्षी थोडा वरच्या पायरीवर पुन्हा आणा. गुरुजी घास हातात धरून ऐकत.

“हे दुसरे गृहस्थ स्वतः शाळा चालवायचे का?”

“हो, काही वर्षं.”

“तरीच. आणि ते पहिले, उद्दिष्टवाले, त्यांचंही बरोबर आहे. फक्त पोरांचंही एक उद्दिष्ट असतं की, डॉक्टर. बहुतेक वेळा सुट्टी.”

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या प्रबंधातली शेवटची चाळीस पानं याच मुद्द्याभोवती घुटमळत होती, आणि या माणसाने तो भाजी संपायच्या आत सांगून टाकला होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जास्त गोड बोलायला लागलो. हेवा वाटला की माझं असं होतं.

तिसरीच्या परिसर अभ्यासातला ‘दिशा’ हा घटक माझ्याकडे होता. आमच्या तक्त्यात तीन रकाने असत. घटक, उद्दिष्ट, तासिका. माझा तक्ता देखणा झाला होता. पहिलीच कृती होती, ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा.’ गुरुजींनी नेहमीसारखं बोट ठेवलं. मी म्हणालो, “पोरगं काय म्हणणार, गुरुजी? पूर्व म्हणेल.”

ते तक्ता घेऊन आपल्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन बसले. पुढच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, “गुरुजी ने क्या कहा?” हा प्रश्न त्या माझ्या प्रत्येक मसुद्यावर विचारत.

गुरुजी अवघडून म्हणाले, “मैडम, मैंने कुछ नहीं कहा. एक लड़के ने कहा. बोला, सर, हमारा स्कूल तो एक बजे लगता है. सूरज सिर पर है, मुँह किधर करें?”

दिल्लीत अर्ध्या शाळा दुपारपाळीत भरतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझी मुलगीही तेव्हा दुपारपाळीतच होती. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग गंभीर झाल्या. तक्त्याला चौथा रकाना जोडायचा ठरलं: ‘मूल काय म्हणेल?’ आधी कुठल्यातरी वर्गात बसून तो भरून आणायचा, मगच धडा लिहायला घ्यायचा. मी इतकी पुस्तकं वाचली होती, पण असं साधं, उद्यापासून करता येईल असं काही कुठे भेटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, “डॉक्टर, राग नका मानू. तक्ता चांगला होता म्हणून तर एवढ्या लांब नेला.”

“छे छे, बिल्कुल नाही,” मी म्हणालो.

तीन वर्षं संपत आली तेव्हा मुदतवाढीची फाइल गटाचा समन्वयक म्हणून माझ्याकडे आली. चौथा रकाना फक्त तिसरीपर्यंत पोचला होता. चौथी-पाचवी व्हायची होती. आणखी दोन वर्षं मिळावीत, असा गुरुजींचा अर्ज होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असावं. मी शेरा लिहिला: ‘संकल्पनेचे काम पूर्ण झाले आहे. अशा अनुभवी शिक्षकाची मूळ शाळेस अधिक गरज आहे.’ दहा मिनिटं लागली. एक शब्द खोडावा लागला नाही. माझ्या शेऱ्यावर मॅडमचा विश्वास होता. त्यांनी सही केली.

दोन दिवसांनी गुरुजी माझ्या टेबलाशी आले. मी खुर्चीत ताठ बसलो.

“शेरा वाचला, डॉक्टर. वाईट वाटलं थोडं. पण खरं लिहिलंत तुम्ही. शाळेत दोनच मास्तर उरलेत. माझ्या ते डोक्यातून गेलं होतं. दिल्लीची हवा लागली मला.”

मग पिशवीतून तीन लांब वह्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. तीन वर्षं वेगवेगळ्या वर्गांत बसून टिपलेलं मुलांचं बोलणं. “चौथी-पाचवीला उपयोगी पडतील. माझं अक्षर फक्त तुम्हालाच लागतं.”

उपयोगी पडल्या. हस्तपुस्तिका निघाली, तिच्यावर लेखक म्हणून माझं नाव आलं. ऋणनिर्देशात मी लिहिलं, ‘सर्व शिक्षक बंधु-भगिनींचे आभार.’ हे वाक्य लिहिताना मी बराच वेळ घेतला होता, एवढं आठवतं. हळूहळू मला बोलावणी येऊ लागली. लोक मला ‘चौथे कॉलमवाले सर’ म्हणू लागले. गाझियाबादच्या एका प्रशिक्षणात एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “सर, ये आपको सूझा कैसे?” मी म्हणालो, “बस, क्लास में बैठते-बैठते.”

घरी बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. “तू कधी बसलास क्लासमध्ये?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “एक फोन कर ना त्यांना. शिव्या तर देणार नाहीत.”

शिव्या देणार नाहीत म्हणूनच फोन होत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात माझं व्याख्यान होतं. विषय, अभ्यासक्रमाच्या विचाराला वळण देणारे विचारवंत. ते परदेशी तिघे झाले, आपल्याकडचेही एक-दोन झाले आणि शेवटी मी नम्रपणे चौथ्या रकान्याकडे आलो. तेव्हा मागच्या रांगेत मफलर गुंडाळलेला एक माणूस दिसला. गुरुजी. निवृत्त झालेले, वाळलेले. मुलीच्या मुलाखतीसाठी दिल्लीत आले होते आणि शेजारच्या, आपल्या राज्याच्या सरकारी अतिथिगृहात उतरले होते, हे मला नंतर समजलं. येता-जाता सभागृहाबाहेरची पाटी वाचली असणार.

मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि त्यांनी हात वर केला. कुणीतरी माइक नेऊन दिला. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

“सर,” ते म्हणाले. मला सर ते पहिल्यांदाच म्हणत होते. “एक दिक्कत आती है मुझे. जो बच्चा कभी कुछ बोलता ही नहीं, उसका चौथे कॉलम में क्या लिखें?”

त्यांच्या चेहऱ्यावर मी आरोप शोधला. नव्हता. त्यांना खरोखरच अडलं होतं आणि ते एका जाणकाराला विचारत होते. मी त्यांच्या वह्यांवर वर्षानुवर्षं जगत होतो, तेवढ्या वेळात हा माणूस त्या वह्यांच्या पुढे निघून गेला होता. मला आधी लाज वाटायला हवी होती. आधी हेवा वाटला. असा प्रश्न मला का सुचत नाही?

“बहुत अच्छा सवाल है,” मी म्हणालो. “चाय पर बात करते हैं.”

चहाच्या वेळी मागची रांग रिकामी होती. ते शेजारच्या अतिथिगृहात उतरलेत असं दारावरच्या माणसाने सांगितलं, तसा मी तिकडे चालत गेलो. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पाहून मराठीतच सांगितलं, “ते आत्ताच गेले, सर. त्यांची गाडी होती.” तिने रजिस्टरमधून त्यांचा सध्याचा फोन नंबर उतरवून दिला. तो माझ्या पाकिटात आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल, एवढं सगळं कबूल करूनही त्यांचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. स्वतःला सांगतो की आधी त्यांची परवानगी घ्यायला हवी. परवानगीसाठी फोन करावा लागेल, आणि फोन त्यांनीच उचलला तर ते आधी विचारतील, डॉक्टर, त्या न बोलणाऱ्या पोराचं काही सुचलं का?