थांबवा म्हणणारा माणूस

उजव्या हाताचं बोट समोर रोखायचं, ज्या वस्तूकडे रोखलं तिचं नाव घ्यायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "बघितलं! ठीक हाय!" अण्णांचं हे दिवसभर चालायचं. क्रेनचा हूक, बघितलं, ठीक हाय. भट्टीच्या पाण्याची नळी, बघितलं, ठीक हाय. कँटीनमध्ये बसण्याआधी बाकड्याचे पायसुद्धा सुटायचे नाहीत. मी नवी असताना एकदा त्यांनी माझ्या पायाकडे बोट रोखलं आणि ओरडले, "म्याडमची चप्पल! अंगठा तुटलाय! ठीक न्हाय!" शॉपमधले सगळे कामगार हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुसऱ्या दिवसापासून मी बूट घालून यायला लागले.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची फाउंड्री. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, गाड्यांचे सुटे भाग बनवायचे. कोल्हापुरात हे नवल नाही, तुमच्याही ओळखीत दोन-चार जण या धंद्यात असतील. मी डिप्लोमा करून तपासणी विभागात लागले तेव्हा अण्णा तिथं वीस वर्षं मुरलेले होते. गाव कागलच्या पुढचं, घरात निम्मं कानडी, शिक्षण आठवी. हातात एक लहानशी हातोडी. पीस दोरीला टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि कान द्यायचा. चांगला पीस घंटेसारखा वाजत राहतो, आत चीर असली की बद्द वाजून गप्प होतो. माझ्याकडे त्याच कामाचं मशीन होतं, दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या जातीचं. अण्णा त्याला 'तुमचा टीव्ही' म्हणायचे.

ते बोट रोखणं मात्र त्यांनी जपानातून आणलं होतं. बुलेट ट्रेन आपल्याकडे येणार अशी हवा होती तेव्हा आमच्या मालकांना वाटलं, तिचं काही काम आपल्यालाही मिळेल. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या तिकडच्या एका कारखान्यात त्यांनी तीन आठवड्यांसाठी दोघांना शिकायला पाठवलं. एक स्वतःचा भाचा आणि दुसरे अण्णा. भाचा चॉकलेटं आणि फोटो घेऊन आला. अण्णा एक वही भरून आणि हे बोट घेऊन आले. ते काम काही मिळालं नाही. वही आणि बोट राहिलं.

"तिथला ड्रायवर एकटाच असतोय," अण्णा सांगायचे. "तरी दर खेपेला बोट दावून मोठ्यानं बोलतोय. वेग एवढा, बघितलं. दार लागलं, बघितलं. कुणाला सांगतोय? सोताला. डोळं फसवत्यात हो. बोट आन् तोंड लावलं की मग फसत न्हाईत."

कँटीनमध्ये त्यांचा वर्गच भरायचा. ती गाडी बोगद्यात शिरते तेव्हा काय होतं हे त्यांनी सायकलच्या पंपानं समजावलं. बोगदा म्हणजे नळी, गाडी म्हणजे दट्ट्या. दट्ट्या जोरात आत गेला की कोंडलेली हवा दुसऱ्या टोकाला दणकन बाहेर पडते, आणि तिथं राहणाऱ्यांची झोप उडते. म्हणून गाडीचं नाक लांबलचक, हवा हळूहळू बाजूला सारणारं. "निम्म्याहून जास्त डबा नुसतं नाक हाय! का? तर बोगद्याशेजारच्या म्हातारीला त्रास नको." अण्णांना वेगाचं काही कौतुक नव्हतं. त्यांना त्या म्हातारीचं कौतुक होतं.

वेगामुळे रुळाकडेचा सिग्नल दिसत नाही म्हणून सिग्नल ड्रायव्हरच्या समोरच उमटतो, आणि ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही तर गाडीच ब्रेक लावते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. पुढचं इंजिन ओढत नाही, जवळजवळ सगळ्या डब्यांखाली मोटारी असतात, हेही. ते सांगताना हळूच वरच्या मजल्यावरच्या ऑफिसकडे बघायचे. "आपल्यात एकटं इंजन वढतंय, मागचं समदं झोपल्यात." मग भाच्याच्या केबिनकडे बोट रोखून, "बघितलं! ठीक हाय!"

भूकंपाचं सांगताना मात्र आवाज खाली यायचा. समुद्रकाठी, रुळाकडेला यंत्रं बसवलेली. जमीन जराशी थरथरली की त्या पट्ट्यातली वीज आपोआप बंद होते आणि धावत्या गाड्यांचे ब्रेक लागतात. "कुणाला इचारत न्हाय," अण्णा म्हणायचे. "सायबाची परवानगी न्हाय, फोन न्हाय. शंका आली, थांबीव. खोटी निघाली तर माफी मागून फुडं जा."

आणि एक गोष्ट ते फक्त तपासणीतल्या माणसांना सांगायचे. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकानं दुभाष्याकरवी पहिल्याच दिवशी सांगितलेली. त्यांच्याच देशात एकदा अशी एक गाडी सुटली. थोड्या वेळानं डब्यात जळका वास आला, खालून आवाज यायला लागला. मधल्या स्टेशनावर जाणकार माणूस चढला. त्याला वाटलं, थांबवून बघायला पाहिजे. त्यानं कंट्रोलला फोनवर तसं सुचवलं. पण नेमक्या त्या क्षणी तिथल्या माणसाचा कान दुसरीकडे होता. याला वाटलं, थांबवायचं का ते तो ठरवील. त्याला वाटलं, गरज असेल तर हा म्हणेल. गाडी तशीच तासन् तास पळत राहिली. शेवटी थांबवून बघितली तर चाकांना धरणारी चौकट चिरत चिरत तुटायच्या बेताला आलेली. माणसं वाचली ती नशिबानं.

"म्याडम, आमी पावणं लोक. आमास्नी त्यांनी कौतुकाचं सांगायला पायजे होतं. त्यांनी आधी लाजेचं सांगितलं," अण्णा म्हणायचे. "म्हणून ती गाडी चालतीया."

मी मान डोलवायची. मला ती गोष्ट फार आवडायची. चार ठिकाणी मी स्वतःच पाहिल्यासारखी सांगितली आहे.

मग आमच्याकडे रेल्वेचं काम आलं. बुलेट ट्रेनचं नव्हे, साध्या डब्याचं. डब्याखाली ब्रेक धरून ठेवणारी कमान, लोखंडी. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला द्यायची होती. साठ पीसची पहिली खेप एकाच भट्टीतून ओतली. नमुना पसंत पडला तर पुढं वर्षानुवर्षांचं काम होतं, म्हणून मालकांना झोप नव्हती.

अण्णांनी साठही पीस ठोकून बघितले. तीन बद्द वाजले. त्यांच्यावर लाल खडूनं फुली मारून ते माझ्याकडे आले. मी मशीन लावलं. सत्तावन्न पीसमध्ये पडदा स्वच्छ. त्या तीन पीसमध्ये पडद्यावरच्या रेषेत एक बारीक टोक वर आलं. ड्रॉइंगमध्ये जेवढी मर्यादा दिली होती तिच्या किंचित खाली. कागदावर पास. पण टोक वाकडं होतं, चिरेचं असतं तसं, आणि हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला चांगलं कळत होतं.

मी रिपोर्टवर 'पास' लिहिलं आणि सही केली. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. शिवाय मनाला सांगितलं, अण्णा आहेत की. अण्णा थांबवतीलच.

अण्णांनी थांबवलंच. सकाळी ट्रक भरला तेव्हा ते मागच्या फाळक्यावर चढून बसले. बोट त्या पेट्यांकडे. "बघितलं! ठीक न्हाय!" हमाल हसायला लागले. मग मालक खाली आले आणि हसणं थांबलं.

"अण्णा, उतरा खाली."

"मालक, साठच्या साठ थांबवा. तीन बद्द वाजत्यात. भट्टी एकच, लोखंड एकच. बाकीच्यांचा तरी काय भरवसा?"

"हातोडीचं दिवस गेलं आता. मशीन काय म्हणतंय?"

"म्याडमनी बघितलंय की." अण्णा माझ्याकडे वळले. चेहरा अगदी निर्धास्त. "म्याडम, काय बघितलं ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मालक, भाचा, ट्रकवाला. मी म्हणाले, "लिमिटच्या आत आहे."

हे वाक्य खरं होतं. इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही.

अण्णांनी रोखलेलं बोट खाली घेतलं. मग "बरं" एवढंच म्हणाले आणि उतरले. उतरताना त्यांचा पाय चुकला, हमालानं हात दिला. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांना भंगार यार्डावर बसवलं. आलेल्या भंगारातलं लोखंड वेगळं करायचं काम. तिथंही ते बोट रोखून ओरडायचे, पण ऐकायला कुणी नव्हतं. महिनाभरात वयाचं कारण सांगून त्यांना घरी बसवलं. निरोपाचा नारळ मीच दिला, फुलं पण मीच आणली होती. नोकरी कायम झाल्याचे पेढे मी त्याच आठवड्यात वाटले. अण्णांनीही एक घेतला.

दोन महिन्यांनी साठच्या साठ पीस परत आले. त्या कंपनीत मशीनवर तासताना पाच पीसची चीर उघडी पडली होती. लाल फुलीचे तीन आणि माझ्या पडद्यावर स्वच्छ दिसलेले आणखी दोन. सोबत एक फॉर्म आला. दोष का निघाला, मूळ कारण काय, काय कारवाई केली, सगळं लिहून पाठवायचं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लिहा. कारण, ठोकून बघायच्या तपासणीत कामगाराची चूक. कारवाई, त्या माणसाला काढून टाकलंय."

"पण मालक, अण्णांनी तर ट्रकवर बसून..."

"मग रिपोर्टवर सही कुणाची हाय?" मालक शांतपणे म्हणाले. "तुमचं नाव घालू?"

मी टाइप केलं. अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आडनावात चूक झाली ती दुरुस्त करून पुन्हा टाइप केलं. कामात मी तशी नीटनेटकी आहे.

महिनाभरानं मी कागलच्या पुढं त्यांच्या गावी गेले. सांगायलाच गेले होते, सगळं. अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून उठले, आत हाक मारली, "अगं, आमच्या म्याडम आल्यात, च्या टाक." आणि मी बसायच्या आत विचारलं, "त्या तीन पीसचं काय झालं?"

"परत आले, अण्णा. सगळे साठ परत आले."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे कुठल्या गाडीखाली गेलं न्हाईत. झाक झालं. रात्रंदिस तेवढंच डोक्यात हुतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "त्या दिशी तुमी घाबरला व्हता. मला दिसलं की. पोरी, नवी नोकरी, घाबरतंय माणूस. त्यात काय एवढं."

पहिल्यांदाच त्यांनी मला पोरी म्हटलं. सांगायचं ते मी चहानंतरवर ढकललं.

चहा आला. अण्णा बोलत होते. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत गेलतो म्हणाले. त्यांनी आधी व्हय म्हटलं, सगळं शॉप हिंडून दाखवलं, उद्यापासून या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो तर गेटावरनंच न्हाय म्हणून सांगितलं. आणखी एका ठिकाणी तेच. "वय बघितलं असंल," अण्णा म्हणाले. "हातोडीचं दिवस गेलं, दुसरं काय."

त्या दोन्ही फाउंड्र्या त्याच मोठ्या कंपनीला माल देत होत्या. कंपनी वाईट कामगारांची नावं सगळ्यांना कळवते, हे मला ठाऊक होतं. नाव कुणी दिलं, हेही. कप माझ्या हातात होता. मी चहा संपवला, चांगला झालाय म्हणाले, आणि शेवटची एसटी आहे असं सांगून उठले. शेवटची एसटी अजून लांब होती.

वर्षभरात अण्णा गेले. मातीला आमच्यातले बरेच जण आले होते. मालकही आले. अण्णांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा इन्स्पेक्टर पुन्हा मिळायचा नाही." मुलाला ते ऐकून रडू आलं. मी मागे उभी होते, मलाही रडू आलं, आणि एका बाईनं माझी समजूत काढली.

फाउंड्रीत आता अण्णांची आठवण निघते ती नक्कल करायलाच. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेलंही नाही, तरी बोट रोखून ओरडतात आणि हसतात. मी रागावते. ती गप्प बसतात. त्यांना वाटतं, मॅडमना अण्णांबद्दल फार माया होती.

तो फॉर्म त्या कंपनीच्या नोंदीत अजून आहे. मूळ कारणाच्या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव आहे. अशी नोंद दुरुस्त करता येते, मी चौकशी केली आहे. आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुखानं एक पत्र द्यायचं असतं, मूळ चूक कोणाची ते लिहून, खाली सही करून. गेली तीन वर्षं त्या खुर्चीवर मी बसते.