मैनेचा खोकला

मलांग शहराच्या बसतळामागे आमचा तुकिरान तीस वर्षं मिनीबसचे ब्रेक दुरुस्त करत आला. चाक काढायचं, हवेच्या नळीने आतली ब्रेकची भुकटी फुर्रकन उडवायची आणि त्या ढगातून गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन हसत बाहेर यायचं. खोकला होता; तो लवंगेच्या सिगारेटचा, असं तो सांगे. सिगारेट सोडून दोन वर्षं झाली तरी कारण तेच. गॅरेजच्या दारात मी कॉफी विकतो, त्यामुळे त्या ढगातला थोडा वाटा मलाही मिळे.

दारातल्या पिंजऱ्यात त्याची मैना असायची. बोलक्या पक्ष्यांच्या स्पर्धेसाठी तो तिला "सलाम" म्हणायला शिकवत होता.

स्पर्धेत तिची पाळी आली. मैनेने मान वाकडी करून परीक्षकांकडे पाहिलं आणि ती खोकली. आधी तीन कोरडे ठसके, मग शिट्टीसारखा लांब श्वास, शेवटी घसा खाकरणं. मांडव हसून लोळला. तुकिरानही हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. ठसके, शिट्टी, खाकरणं, सगळं त्याच क्रमाने.

मुख्य परीक्षक हार्तिनीबाई निवृत्त परिचारिका होत्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

"पक्ष्याला पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. "मालकाला उद्या छातीच्या दवाखान्यात न्या."

बायको मुर्सिनीने त्याला ओढतच नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याचे बारीक तंतू फुप्फुसांत रुतून वण झालेत. ते भरून येणार नाहीत, पण निदान भर तरी घालू नका. फोटो उलटा तर धरला नाही ना, असं तुकिरानने विचारून पाहिलं.

मुर्सिनी म्हणाली, "अहो, तीस वर्षं तुमचे कपडे मीच झटकते. डॉक्टर, माझाही फोटो काढा."

तिचा फोटो स्वच्छ निघाला. पण तो येईपर्यंतचा तासभर तुकिरान फोटोच्या खोलीच्या दारातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी हवेची नळी भिंतीवरून उतरली. बादली आली, ओली फडकी आली, तोंडाला डॉक्टरांनी सांगितलेला जाड मास्क आला. कामाचे कपडे आता घरी जात नाहीत.

शेजारच्या गॅरेजात अजून हवेच्या नळीनेच ब्रेक साफ करणारा कास्लान कॉफी पिता पिता म्हणाला, "काय रे, ब्रेक दुरुस्त करतोस की बाळाला न्हाऊ घालतोस?"

"सांगतो," तुकिरान म्हणाला. "आधी तो समोरचा पादचारी पूल न थांबता चढून दाखव."

कास्लान ऐटीत निघाला. अकराव्या पायरीवर त्याने कठडा धरला, पंधरावीवर बसकण मारली. बऱ्याच वेळाने खाली येऊन त्याने आणखी एक कॉफी घेतली आणि दवाखाना किती वाजता उघडतो, ते मला विचारलं.