पहिली हळद कुणाची

माझ्या आईवडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. अकरा पोरांच्या घरातली धाकटी सगळी पोरं तिच्याकडून वाढवून घेतली आणि वाढवल्याचं नाव स्वतःकडे ठेवलं. हे वाचून माझी भावंडं चिडतील. चिडू द्या. माझा जन्म चाकणच्या बाजारात कांदा घेण्यात आणि विकण्यात गेला. माल पिकवला कुणी आणि मिरवतोय कोण, हे ढिगाशी उभं राहिलं की मला कळतं.

हे लिहायला बसलो त्याला कारण माझी मधली बहीण. परवा घरातल्या एका लग्नात पहिली हळद लावायचा मान तिला होता. पोरांनी तिच्या हातात माइक दिला, तर ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘आमच्या आईनं आम्हा अकरा जणांना एकटीनं वाढवलं.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताटावरून उठलो तो घरी आलो. म्हाताऱ्याला काय झालं, म्हणून मागून दोन नातू धावत आले. त्यांना काय सांगणार? ‘एकटीनं’ हा शब्द माझ्या कानातून जात नव्हता.

आमचं गाव चाकणपासून चालत जाण्याजोगं, भामा नदीच्या बाजूला. घर तीन खणांचं. दर दीड-दोन वर्षांनी आतल्या खणात बाळंतिणीची बाज पडायची, तिच्याखाली शेगडी यायची, ओव्याशेपांची धुरी घरभर व्हायची. त्या वासावरून आम्हाला कळायचं की आपल्यात आणखी एक आलं. आई बाजेवर, आबा शेतावर. मग घर कोण बघणार? आक्का.

आक्का सगळ्यांत थोरली, मी तिच्या पाठचा. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तर बाईचे पाय लांब लागतात. आक्का हे काम करायला लागली तेव्हा तिचे पाय एवढे आखूड होते की बाळ खाली घसरायचं. मग ती भिंतीला पाठ टेकून बसायची आणि मला समोर बसवून म्हणायची, ‘‘भाऊ, माझी पावलं धर.’’ मी पावलं धरायचो आणि ती वरून पाणी ओतायची. अशी किती भावंडं त्या पायांवरून गेली, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलायचं कुणी नाही.

तिचं लग्न झालं, पण त्यानं सुटका झाली नाही. लेक बाळंतपणाला माहेरी येते. आमची आक्का आईच्या बाळंतपणाला माहेरी यायची. आबा स्वतः तिला आणायला जायचे. एक महिना म्हणून आणायचे आणि तीन-चार महिने ठेवायचे, कारण बाळ आजारी, नाहीतर सुगी आली, नाहीतर आईची कंबर धरली. तिच्या सासूनं एकदा आबांना दारातच सुनावलं, ‘‘पाव्हणं, तुमच्या घरचा पाळणा हलतोय म्हून आमचा रिकामा राहतोय.’’ आबा हसले आणि लेकीला घेऊन आले. पुढं पुढं सासरचं कुणी तिला न्यायला येईना. मग कळलं, नवऱ्यानं दुसरी बायको केली. आक्कानं कपाळावरचं कुंकू ठेवलं, कारण नवरा जिवंत होता. मूलबाळ नव्हतं. त्या वेळी धाकटं भावंड तिच्या कडेवरच होतं.

त्याच सुमाराला गावात एक नर्सबाई यायला लागल्या. पांढरं पातळ, हातात पिशवी. कमी मुलं कशी बरी, ते ओट्या-ओट्यावर बसून सांगायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पुरुष चिडायचे. आमच्या आबांनी विचारलं, ‘‘बाई, माझी पोरं तुमच्या दारी जेवाया येत्यात का?’’ बाईंनी उंबऱ्यात उभ्या असलेल्या आक्काकडं बघितलं. कडेवर पोर, पदराला दुसरं लोंबकळलेलं. मायेनं विचारलं, ‘‘तुझं कितवं गं हे?’’

आक्का म्हणाली, ‘‘आईचं अकरावं.’’

आबा उठून गोठ्यात गेले. मी तिथंच होतो. नर्सबाईंच्या हातातलं सामान तसंच राहिलं होतं, हे मला अजून दिसतं.

मी काही त्या बाईंच्या बाजूचा नव्हतो. आजही सगळा नाही. त्या काळी पोर जगेलच याचा भरवसा कुणाला होता? शेजारच्या घरात पाच जन्मली, दोन राहिली. देवी, गोवर, हगवण, काय येईल सांगता येत नव्हतं. शेतात हात हवेत, म्हातारपणी कुणीतरी हवं. चार ठेवायची म्हणून चार जन्माला घालणारा माणूस तेव्हा वेडा ठरला असता. ते मी मान्य करतो. पण आमच्याकडं अकराच्या अकरा जगली. का जगली? दुसऱ्या घरांत आजारी पोराजवळ बसायला माणूस नसायचा. आमच्याकडं एक माणूस होतं. पोराला ताप आला की आक्का रात्र काढायची, हगवण लागली की पेज पाजायची. मोठं कुटुंब वाढवलं म्हणून ज्यांची पाठ थोपटली जाते, त्या प्रत्येकाला माझा एकच प्रश्न असतो: कितव्या पोरापर्यंत तुम्ही स्वतः वाढवलं?

अकरा जगली म्हणून आमच्या आईची किंमत मात्र पंचक्रोशीत वाढली. जिची सगळी मुलं हयात, ती लेकुरवाळी. नवरीला पहिली हळद तिनं लावायची, गरोदर बाईची ओटी तिनं आधी भरायची. खेडपासून आळंदीपर्यंत कुठं कार्य असलं की आईला बैलगाडी यायची. आई नवं लुगडं नेसून जायची, नारळ आणि खण घेऊन यायची. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की आक्का पोरांना हाताला धरून आत आणायची.

मी तोवर बाजारात पाय रोवला होता. डोक्यावर पाटी घेऊन कांदा विकण्यापासून सुरुवात केली होती. कुणाचा आधार नव्हता, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही नव्हती. आमच्या बाजारात भाव टॉवेलाखाली ठरायचा. दोघांनी टॉवेलाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. माझ्या शेजारी एक बागवान व्यापारी बसायचे, माझ्याहून वयानं मोठे. त्यांनीच मला ही बोटं शिकवली. एकदा माझ्या घरचं ऐकून ते म्हणाले, ‘‘राव, आमच्यात बी तेच. आम्ही नऊ भाऊ, वाढवलं थोरल्या बहिणीनं. पर आम्ही सगळे तिला छोटी अम्मी म्हनायचो. तुमच्यात काय म्हनतात?’’

मी म्हणालो, ‘‘आक्का.’’

‘‘मंग तिला मिळालं काय?’’ त्यांनी विचारलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून टॉवेल झटकला.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मधल्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा मी ठरवलं, पहिली हळद आक्का लावील. या मधलीला जन्मल्यापासून आक्कानंच वाढवलं होतं. रात्री दचकून उठली की ती ‘आई’ म्हणून नव्हे, ‘आक्का’ म्हणून हाक मारायची.

मुलगा थेरगावकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झाला होता, तिथं त्याला लागून थोडेच दिवस झाले होते. कंपनीतला जावई म्हणून आबा हरखले होते. मुलाचे वडील आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, ‘‘पोराला कंपनीत जायला सायकल पायजे.’’ सगळ्यांना वाटलं, मी आता भडकणार. मी टॉवेल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि हात आत घातला. माणसं हसायला लागली. मी म्हणालो, ‘‘सायकल दिली. नवी, घंटीसकट. पण माझी एक अट हाय. नवरीला पहिली हळद आमची आक्का लावंल. तुमच्या बाया उष्टी हळद घेऊन येतील, त्यांनी त्यावर बोलायचं न्हाई.’’

म्हातारा टॉवेलाखाली माझा हात धरून बसला. मग म्हणाला, ‘‘तुमची लेक, तुमचा मांडव. कोण का लावंना! घंटी मातुर मोठ्या आवाजाची द्या.’’ आणि त्यानं माझी बोटं दाबली. सौदा पक्का झाला.

मी परक्यांशी सौदा केला आणि तिथंच निर्धास्त झालो. अडवणूक घरातून होईल असं मनातही आलं नाही.

हळद दळायची त्या दिवशी पाच सवाष्णी जात्याला बसल्या. जात्याला आंब्याची डहाळी बांधलेली, ओव्या सुरू झालेल्या. पाचजणींनी खुंट्याला हात लावून चार फेरे घेतले, शास्त्र झालं, पानसुपारी घेऊन उठल्या. राहिलेली हळकुंडं कुणी दळली? आक्कानं. एकटीनं. माझ्या मते त्या घरात ‘एकटीनं’ हा शब्द वापरायची जागा ती होती. मी आत गेलो तेव्हा ती कोपरापर्यंत पिवळी झाली होती.

थेरगावहून उष्टी हळद आली. मधलीला पाटावर बसवलं. मी मागच्या दारी जाऊन आक्काला हाक मारली. ती चुलीपाशी होती. मी म्हणालो, ‘‘ऊठ, हळद तू लावायचीस. ठरलंय.’’ तिनं माझ्याकडं बघितलं. हात धुतले, पण हळद काही जाईना. पदर सारखा करून ती मांडवात आली. एवढ्या माणसांत ती पुढून चालत आलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

वाटी उचलून ती मधलीपुढं वाकली आणि आमची आत्या म्हणाली, ‘‘आगं, तू कशाला? लेकुरवाळी उभी हाय की.’’

मी म्हणालो, ‘‘आत्या, गप ऱ्हा. पाव्हण्यांशी बोलणं झालंय.’’

थेरगावच्या बायकांतली एक म्हणाली, ‘‘आमचं काय बी म्हणणं न्हाई, बाबा.’’

‘‘तुमचं न्हाई, पर माझं हाय ना,’’ आत्या म्हणाली. ‘‘नवऱ्यानं टाकलेली, पदरात पोर न्हाई. पोरीचा संसार सुरू व्हायचाय. हिचा हात कसा चालंल?’’

मी जो ओरडलो तो वेशीपर्यंत गेला असेल. आबा म्हणाले, ‘‘कार्यात तमाशा करू नगस. बाजार न्हाई हा.’’ मी आईकडं बघितलं. एक शब्द तिनं बोलायचा होता. आईनं आक्काच्या हातातून वाटी घेतली आणि मधलीच्या कपाळाला हळद लावली.

मी मधलीकडं बघितलं. तिनं आक्काच्या पिवळ्या हातांकडं बघितलं, मग मान खाली घातली.

आक्का मला म्हणाली, ‘‘भाऊ, सोड. भात खाली लागंल.’’ आणि मागं गेली.

लग्न पार पडलं. नवरी सासरी गेली, मांडव उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीवर तांदूळ निवडत एकटी होती. मी समोर जाऊन बसलो आणि विचारलं, ‘‘आई, तुझी अकरा पोरं कुणी वाढवली?’’

तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, ‘‘तिनं. मला ठावं न्हाई व्हय?’’

‘‘मग वाटी का काढून घेतलीस?’’

‘‘तुला बाजार हाय. तुझ्या बाला शेत हाय. मी नांदायला आल्यापासून बाजेवर न्हाईतर चुलीपाशी. अकरा वेळा मरणाच्या दारातून आले. गाडी येती, लोक आधी मला बोलावत्यात, एवढा एक मान मला मिळाला. त्यो बी तिला देऊ?’’

मी भावात आजवर कुणाला हरलो नाही. त्या दिवशी आईपुढं हरलो. माझा राग गेला नाही, पण आईवरचा थोडा बाजूला सरकला. तिलाही कुणी विचारून अकरा दिली नव्हती. आईनं निदान उत्तर दिलं. आबांना मी कधी विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंही नसतं. अकरा पोरांचा बाप म्हणून ते पारावर मांडी ठोकून बसायचे, तसेच शेवटपर्यंत बसले.

आक्का पुढं माझ्या चाकणच्या घरी राहिली. माझी पोरंही तिनंच पायांवर न्हाऊ घातली. त्यांना मी शिकवलं होतं, तिला मोठी आई म्हणायचं. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा ती मागं वळून बघायला लागली, कुणाला हाक मारतायत म्हणून. आता ती नाही. आत्या नाही, आई नाही, आबा नाहीत. त्या मांडवात काय झालं ते जवळून बघितलेले आम्ही दोघंच उरलो आहोत, मी आणि पाटावर बसलेली नवरी.

म्हणून हे तुलाच विचारतोय, बाई. त्या दिवशी तू सोळा-सतरा वर्षांची होतीस, चारचौघांत बोलायची सोय नव्हती, हे मी धरून चालतो. परवा तर तुझ्या हातात माइक होता, समोर तुझी स्वतःची नातवंडं होती, आणि तुला अडवायला कुणी आत्या जिवंत नव्हती. रात्री दचकून उठल्यावर तू कुणाला हाक मारायचीस? तुझ्या कपाळाला लागलेली हळद कुणी दळली होती? परवाच्या मांडवात तू ‘एकटीनं’ म्हणालीस, ती एकटी कोण, याचं उत्तर मला घरात येऊन देऊ नकोस. जिथं म्हणालीस तिथं, त्याच माणसांसमोर उभी राहा आणि दे.